मान बरी कोणी केली?

मणका सरळ झाला की डोकं आपोआप साफ होतं, हे वाक्य मला गेल्या वर्षभरात इतक्या लोकांनी ऐकवलंय की पहिल्यांदा कोणी म्हटलं तेच आता आठवत नाही. वाक्याबद्दल माझी तक्रार नाही. ते खरंही असेल. पण ते खरं की खोटं हे मला माझ्याच अंगावर नीट तपासून पाहायचं होतं, आणि घरच्यांनी ते करू दिलं नाही.

मी एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासतो. दिवसभर मान खाली. उजव्या खांद्यापासून कानामागपर्यंत ओढ लागायची आणि झोपेत कूस बदलली की जाग यायची. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून 'वयोमानानुसार झीज' असं सांगितलं. मी बावन्नचा आहे, झीज मान्य आहे. दुखणं मी सोसतच होतो. पण एका सकाळी राधानगरीकडून आलेल्या टँकरचं फॅट ६.३ असताना मी ३.६ लिहिलं. टँकर फाटकात अडकला, फेरतपासणी झाली, चूक माझीच निघाली. त्यानंतर अशा उलटापालटी मला माझ्याच नोंदींत दिसू लागल्या.

माझे वडील साठीच्या आतच विसरायला लागले होते. त्यांचीही सुरुवात आकड्यांपासूनच झाली होती. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहायचे आणि किती वाजले ते सांगता यायचं नाही. त्यामुळे हे माझ्या मानेचं आहे की डोक्याचं, एवढं एकच मला कळायला हवं होतं. घरी मात्र मी फक्त मानेचं बोललो.

बायकोनं राजारामपुरीतल्या एका कायरोप्रॅक्टर, म्हणजे हातानं दाबून मणके सरळ करणाऱ्या बाईंची वेळ घेतली. बाई तरुण, हसऱ्या. टेबलावर प्लॅस्टिकचा कणा उभा होता. त्यावर बोट फिरवत त्या म्हणाल्या, "नसांवरचा ताण गेला ना काका, की डोक्यातलं धुकंही जातं."

"आधी किती होतं आणि नंतर किती उरलं, हे कशावर मोजता?"

"मोजायचं कशाला? तुम्हालाच फ्रेश वाटेल की!"

याला मी उत्तर मानत नाही. तरी पालथा पडलो. पाठीत कडकड वाजली आणि अंग हलकं झालं, हे कबूल करतो. निघताना त्या म्हणाल्या, आठवडाभर दुसरं काही करायचं नाही, तेल नाही, मालीश नाही. हे मला पटलं. आमच्या प्रयोगशाळेतही काही बिघडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदलून बघतात. दोन बदलल्या की काहीच कळत नाही.

संध्याकाळी मेहुणा आला. तो तालमीतला माणूस. कोल्हापुरात हाड दुखावलं की आधी तालमीतल्या वस्तादाला दाखवायचं आणि मग डॉक्टरला, असं मानणाऱ्यांतला.

"दाजी, चला. वस्ताद वाट बघत बसल्यात."

"मी सकाळीच उपचार घेतलाय. आठवडाभर काही करायचं नाही."

"त्यो पुस्तकातला उपचार. ह्यो हाताचा. आन् आता न्हाय म्हटलासा तर तालमीत मला तोंड दाखवाय जागा ऱ्हायची न्हाय."

वस्तादांना ताटकळत ठेवणं आमच्याकडे बसत नाही. गेलो. मानेला हात लावू नका एवढं बजावलं. त्यांनी तेलाचे हात चोळले आणि म्हणाले, "पावणं, अंग सोडा. असं ताठ धरलासा तर मालीश ऱ्हाऊन आपली कुस्तीच हुईल." खांदे आणि पाठ त्यांनी कणकेसारखी तिंबली.

त्या रात्री सलग झोप लागली. सकाळी मानेतली ओढ गेली होती आणि डोकं स्वच्छ होतं. आनंद होण्याआधी बिछान्याकडे नजर गेली.

"ही उशी कुठून आली?"

"मी बदलली," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "जुनी लई उंच हुती."

"मला न विचारता?"

"उशी बदलायला विचारायचं असतंय व्हय? बरं वाटतंय का न्हाई तेवढं सांगा."

"वाटतंय. पण कशानं?"

"कशानं का असंना!"

"कशानं का असंना कसं? मान सुधारली म्हणून डोकं सुधारलं असेल, तर ते दुखणं मानेचं होतं. नाहीतर…"

"न्हाईतर काय?"

तिनं भाकरी थापायची थांबवली. पिठाचे हात तसेच ठेवून बाहेर आली. "मामंजींसारखं हुतंय असं वाटतंय तुम्हाला?"

मी होकारार्थी मान हलवली.

दुपारच्या आत तिनं मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. तपासणीच्या दिवशी तिला ती नोकरी करते त्या शाळेतून रजा मिळेना, म्हणून सोबत मेहुणा.

डॉक्टर मला म्हणाले, "शंभरातून सात वजा करा, मग उत्तरातून पुन्हा सात."

"त्र्याण्णव!" मेहुणा म्हणाला.

"पाहुणे, प्रश्न यांना आहे."

"हां, हां. दाजी, त्र्याण्णव म्हणा."

मी त्र्याण्णव म्हटलं. त्यानं हळूच "सत्त्याऐंशी" सुचवलं, तेही चूक. डॉक्टरांनी त्याला बाहेर घालवलं आणि मला नव्वदपासून सुरुवात करायला लावली. त्र्याऐंशी, शहात्तर, एकोणसत्तर, बासष्ट. पंचावन्नवर त्यांनी थांबवलं. मग शब्द आठवायला सांगितले, घड्याळ काढायला लावलं. काटे मी दहा वाजून दहा मिनिटांवर ठेवले आणि कागद दोनदा तपासला.

"स्मरणात आज तरी काही दोष नाही," ते म्हणाले. "दुखण्यानं झोप मोडते, झोप मोडली की लक्ष उडतं. वर्षभरानं पुन्हा बघू."

"मग मान कशानं बरी झाली?"

"ते मला कसं कळणार? तुम्ही सगळं एकाच दिवशी केलंत!"

हेच मी घरी ओरडून सांगत होतो.

बाहेर मेहुण्यानं काही विचारलं नाही. त्याचं नवल वाटलं. गाडीवर मागं बसून मी पंचावन्नपासून पुढं वजा करत राहिलो. दसरा चौकात सहा उरले. त्याला गाडी कडेला घ्यायला लावली आणि बायकोला फोन केला. इतके महिने पोटात ठेवलेल्या भीतीचा निकाल तरी मला तिला स्वतःच्या तोंडानं सांगायचा होता.

"कळलं," ती म्हणाली. आवाज रडून भरलेला होता. "मघाशीच फोन आला त्याचा. पास झालासा म्हणं."

मी मेहुण्याकडं बघितलं. त्यानं गाडीची किल्ली उगाचच पुसली.

"डॉक्टरचं दार वाईच उघडं हुतं, दाजी," तो म्हणाला.