पहिल्या पंगतीतली काकू

आमच्या वाडीत पहिल्या पंगतीला पुरुषांच्या रांगेत बसून जेवणारी एकच बाई होती, माझ्या धाकट्या भावाची बायको. सारे तिला सुईवाली काकू म्हणत. पान वाढून झाले की ती भाताच्या मुदीवर एक नजर टाकी, त्या अंदाजाने इन्सुलिनच्या पेनवर आकडा लावी, सुई टोची आणि मग शांतपणे पहिला घास घेई. "भात बघितल्याशिवाय आकडा लावायचा नाही, भावजी," असे मला बजावी, जणू आजार मलाच होता.

ती तोऱ्याने पुरुषांत बसे, असे अजूनही सांगतात. साफ खोटे. तिचा मधुमेह शाळेपासूनचा. शरीर इन्सुलिन बनवीतच नसे. माहेरच्यांनी लग्नात ते लपवले. आमच्याकडे बायका शेवटी जेवत. न्हाणीघरात चोरून सुई घ्यायची आणि मग आधी पुरुषांना वाढायचे, तर साखर घसरून डोळ्यांपुढे अंधारी येई. म्हणून ती निम्मीच सुई घेऊ लागली. अंधारी बरीचशी टळली. साखर मात्र वर्षानुवर्षे चढी राहिली. तरीही एका गणपतीत वाढता वाढता साखर घसरून ती आमटीच्या पातेल्यासह कोसळली आणि सारे उघड झाले. दुसऱ्या दिवशी ती सरळ आमच्या रांगेत पान घेऊन बसली. आईने डोळे वटारले.

"सासूबाई, सुई घेतल्येय. आता थांबता येत नाही," एवढेच ती म्हणाली.

गणपतीपुळ्याच्या रांगेत तिने नैवेद्याचा मोदक आधीच खाल्ला, हे मात्र खरे. साखर घसरून हात थरथरू लागले होते. मागच्या बायका कुजबुजल्या, तेव्हा तोंड पुसत म्हणाली, "देवाला उशीर चालतो गो, मला नाही चालत."

पुढे तिने साखर उत्तम सांभाळली. पण पाय सुजू लागले, लघवीतून प्रथिने जाऊ लागली, आणि शेवटी रत्नागिरीला डायलिसिसच्या खेपा सुरू झाल्या. त्या वाटेवर एकदा ती म्हणाली, "लपवलेली वर्षं किडनीनं मोजली, भावजी." आवाजात तक्रार नव्हती.

तिच्या तेराव्याला पंगत बसत असताना एक म्हातारी म्हणाली, "सुयांनीच खाल्लीनी गो तिची किडनी!" शेजारच्या सुमनने ते ऐकले. तिच्या मुलीला नुकताच हाच आजार निघाला होता. सुमनने हातातले पेन हळूच पिशवीत परत ठेवले. "आज राहू दे," ती लेकीला म्हणाली.

"सुयांनी नव्हे," मी पानावरून ओरडलो, "न घेतलेल्या सुयांनी! आणि ज्या घराने तिला उपाशी वाढायला लावले, त्या आमच्या घराने. इथे माझ्या शेजारी या पोरीचे पान मांडा."

कोणी हलेना. मग सुमननेच पान आणून मांडले.

मुलगी बसली. भात वाढला गेला. तिने मुदीकडे पाहिले आणि आईपुढे हात केला. पेनवर आकडा लागेपर्यंत मी माझ्या पानाला हात लावला नाही.