यावचा मामा

ओमानमधल्या सहमच्या साइटवर याव नावाचा सुतार होता, घानाचा. गुरुवारी जन्मला म्हणून याव. त्यांच्यात नाव वारावरून पडतं. आमच्या कोकणी मंडळींना आयतंच सापडलं. तो मेसमध्ये शिरला की सगळे ओरडायचे, “यावं, यावं!” तोही छाती काढून यायचा. मी स्टोअर सांभाळायचो. खिळे मागायला येणारा प्रत्येक जण दुसऱ्याचं काहीतरी सांगून जायचा, म्हणून मला सगळंच ठाऊक.

आपला मुलूख तो प्लायवूडवर पेन्सिलीने काढून दाखवायचा. वर जंगलाचे डोंगर, मधून नदी, दोन्ही काठांना मिळून बारा गावं, कोकोच्या बागा. गावागावाला मुखिया, सगळ्यांवर एक राजा. राजाची गादी म्हणजे लाकडी चौरंग. आणि चारचौघांत राजा स्वतः बोलत नाही, त्याच्या वतीने काठीवाला बोलतो.

“माझ्यासारख्याच की!” आमचा टाइमकीपर शांताराम म्हणाला. “मी नुसतो बसतंय, सुगंधा बोलता.” सुगंधा म्हणजे त्याची बायको.

चौरंग मुलाला मिळत नाही, बहिणीच्या मुलाला मिळतो. त्यातला कुठला, ते घराण्यातली वडीलधारी राजमाता ठरवते.

२०१६ च्या उन्हाळ्यात फोन आला. राजा, म्हणजे यावचा मामा, वारला होता. राजमातेने यावचं नाव घेतलं होतं. चाळिसाव्या दिवशी पंचांपुढे उभं राहायचं, नाहीतर चौरंग मावसभावाला. आणि तो भाऊ तर नदीकाठ सोनं खणणाऱ्यांच्या घशात घालायला टपलेला.

यावने रजेच्या अर्जात ‘अंकल’ लिहिलं. मॅनेजर धनंजयसाहेब पुण्याचे, नियम तोंडपाठ. “आईबाप, बायको, मूल. काकासाठी रजा नाही.”

“काका नव्हे साहेब, मामा!” शांताराम म्हणाला.

“इंग्रजीत दोन्ही अंकलच.”

मग शांतारामने नवा अर्ज भरला आणि नात्याच्या रकान्यात इंग्रजी अक्षरांत ‘मामा’ लिहिलं. भाबडेपणाने की मुद्दाम, मी दहादा विचारलं. दर वेळी तो छताकडे बघतो. अर्बाबने, म्हणजे आमच्या अरब मालकाने, वाचलं, उसासा टाकला, महिन्याची रजा दिली. क्लार्कने बाजूला स्वच्छ लिहिलं, ‘आई’.

धनंजयसाहेब सांत्वनाला आले. “आईचं ऐकून वाईट वाटलं.”

“माझी आई ठणठणीत आहे!” याव उसळला. “काल फोनवर तासभर ओरडली माझ्यावर!”

शांतारामने कपाळावर हात मारला. “मेल्या, गप रव आणि विमानात बस!”

“आईला कागदावर मारून चौरंगावर बसू? मग माझ्यात आणि त्या मावसभावात फरक काय?”

आणि गेला थेट अर्बाबकडे. मागोमाग आम्हीही, मदतीला कमी, ऐकायला जास्त.

“आई नाही, मामा,” याव म्हणाला. “मामासाठी द्यायची तर द्या. नाहीतर व्हिसा रद्द करा. मी जाणारच.”

अर्बाबला वाईट वाटलेलं दिसत होतं, पण एकाला दिली तर उद्या चारशे मामा मरतील, हेही त्याला दिसत होतं. “खलास,” तो म्हणाला. “रद्द.”

क्लार्कने त्याच अर्जावर ‘व्हिसा रद्द’ लिहून तो पुढे सरकवला. यावने पेन घेतलं नाही. आधी ‘आई’ खोडायला लावलं, त्या जागी ‘आईचा भाऊ’ लिहून घेतलं, अक्षर न् अक्षर तपासलं.

“आता त्याने काय फरक पडतो?” धनंजयसाहेब वैतागले.

“तुम्हाला नाही पडत,” याव म्हणाला आणि सही ठोकली.