बेटावरचं दार

आमची सुपारी फुटली, म्हणजे चार माणसांत लग्न ठरलं, त्याच महिन्यात त्याने मला तो खेळ भेट दिला. इतर मुलींना अंगठी मिळते, साडी मिळते. मलाही मिळाली, पण ती त्याच्या आईकडून. त्याची स्वतःची अशी भेट ही एवढीच. कॉम्प्युटरवर दोघांनी मिळून खेळायचा खेळ होता. एक ओसाड बेट, त्यावर दोन माणसं. लाकडं तोडायची, विहीर खणायची, घर बांधायचं. तो सुरतेबाहेरच्या सचिन गावी एका केमिकल कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचा, मी सुरतेतच उधन्याला आईवडिलांकडे. लग्नाआधी फार भेटीगाठी आमच्यात बऱ्या दिसत नाहीत, तर बेटावर भेटत जाऊ, असं त्याचं म्हणणं. मला ते तेव्हा फार गोड वाटलं होतं. आता आठवलं की त्या वेळच्या मला एक कानाखाली ठेवून द्यावीशी वाटते.

खेळ पहिल्यांदा उघडला तेव्हा एक सूचना आली. हा खेळ अजून पुरा झालेला नाही, कदाचित होणारही नाही, आज जसा आहे तसा चालत असेल तरच घ्या. याला अर्ली ॲक्सेस म्हणतात. म्हणजे तुम्ही आत राहायला या, भिंती आम्ही मागाहून घालतो. मी सूचना न वाचताच 'मान्य' दाबलं. सगळेच दाबतात.

घर आम्ही दिवाळीच्या आत उभं केलं. आम्ही म्हणजे मी. लाकडं तोडायचा त्याला कंटाळा, तो समुद्राकाठी उभा राहून हे इथे लाव, ते तिथे लाव, एवढं सांगायचा. कौलारू छप्पर, पुढे ओटा, ओट्यावर दोन खुर्च्या. निळ्या रंगाचं दारही होतं. दारापाशी जाऊन बटण दाबलं की वर अक्षरं उमटायची: 'आतला भाग लवकरच.' मग आमच्या बाहुल्या ओट्यावरच्या खुर्च्यांत बसून समुद्र बघायच्या. डावी खुर्ची त्याची, उजवी माझी.

मी कतारगामला एका ऑफिसात पंचिंग करते. साडीवर मशीनने जे भरतकाम होतं, त्याचं डिझाइन कॉम्प्युटरवर टाक्याटाक्याने बसवायचं, ते पंचिंग. आमच्याकडे संध्याकाळी पार्टीचा, म्हणजे गिऱ्हाइकाचा, माणूस येऊन उभा राहतो आणि त्याला अख्खं फूल लागतं. 'देठ दिलाय, पाकळ्या लवकरच' असं मी कधी म्हणून बघितलेलं नाही. म्हटलं असतं तर शेठने मला माझ्या डब्यासकट जिन्यावरून खाली पाठवलं असतं. त्यामुळे त्या खेळवाल्या कंपनीचा मला आधी राग आला, मग संताप आला, आणि नंतर नंतर ती माझी करमणूक झाली.

कारण दर दोन-तीन महिन्यांनी ते अपडेट पाठवायचे आणि त्यात दार सोडून सगळं असायचं. एकदा टोप्या आल्या. एकदा मासेमारी आली, पण मासा गळाला लागला की खेळच बंद पडायचा. एकदा कोंबड्या आल्या, रंगीबेरंगी, नुसत्या फिरणाऱ्या, अंडी लवकरच. प्रत्येक वेळी खाली तीच ओळ, तुमच्या संयमाबद्दल आभार, आणि त्यांच्या ऑफिसातल्या कुत्र्याचा फोटो.

मी लिहायला लागले. खेळाखाली अभिप्राय लिहायची जागा असते, तिथे. 'या लोकांना दार उघडता येईना म्हणून त्यांनी कोंबड्या सोडल्या आहेत. यांच्या घरी पाहुणा आला तर त्याला पाण्याऐवजी टोपी देत असतील.' लोकांना फार आवडलं. कुठल्या कुठल्या देशांतले वैतागलेले खेळाडू माझ्या पुढच्या शिव्यांची वाट बघायला लागले. कंपनीत उत्तरं द्यायला एक मुलगी होती. तिने एकदा लिहिलं की पडद्यामागे आम्हीही माणसंच आहोत, तुमचं वाचून काल मी रडले. मी लिहिलं, 'रडून झालं असेल तर दार करा.' मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

तो मात्र कंपनीच्या बाजूने बोलायचा. "शांति राख ने," म्हणायचा. "थई जशे." होऊन जाईल. सुरतेत शिंपी, बिल्डर, दाताचा डॉक्टर, सगळे हेच म्हणतात, आणि इथे वाढलेल्या आमच्या मराठी पोरांच्या तोंडातही तेच बसलंय. मी फारच तडतडले तर त्याचं ठरलेलं उत्तर यायचं: "त्यांनी तारीख कुठे दिली होती? अपुरं आहे हे आधीच लिहिलं होतं. वाचायचं होतंस."

लग्नाची तारीखही कुठे निघाली होती? आधी त्याच्या बहिणीचं लग्न आडवं आलं. ते झालं तर घराचा वरचा मजला. मजल्याच्या विटा येऊन पडल्या तर त्याचे आजोबा गेले, मग वर्षभर शुभकार्य नाही. वर्ष सरलं तर त्याला बढती मिळायची होती, ती मिळाली की नक्की. मधल्या काळात दिवाळीला एक साडी यायची, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आंब्यांची पेटी यायची. त्या आमच्या कोंबड्या.

आणि काम मात्र पूर्ण. उन्हाळ्यात त्याची आई मला सचिनला बोलवायची, गच्चीवर बिबडे घालायला. ज्वारीचं शिजवलेलं पीठ गरम असतानाच ओल्या कापडावर हाताने थापायचं, पापडासारखं. बोटांची सालं निघतात. त्याच्या बहिणीच्या लग्नात पंगती मी वाढल्या. त्याच्या आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यांत औषध घालायला मी दोन बस बदलून जायची. तिला सून अर्ली ॲक्सेसमध्येच मिळालेली होती, तिने पूर्ण होण्याची घाई का करावी? मी एकदाच, फार चाचरत, तारखेचं विचारलं. ती बिबडे उलटत हसली. "लगीन काय पयी जाई ऱ्हायनं का वं माय? तू ते आमनीच शे." लग्न काय पळून जातंय का, तू तर आमचीच आहेस.

ठरलेल्या मुलीकडे दुसरं स्थळ येत नाही. पण लग्न होईपर्यंत ती कुणाची बायकोही नसते. आमच्या गल्लीत आखाजीला माझ्याहून धाकट्या पोरी कडेवर मुलं घेऊन माहेरी यायच्या, झोके बांधायच्या. एकदा मीही झोक्याकडे निघाले, तर आई भाकरी भाजता भाजता म्हणाली, "माहेरी यायला आधी सासरी जावं लागतं." मी परत येऊन कॉम्प्युटर लावला आणि कंपनीला एक सणसणीत अभिप्राय लिहिला. माझा सगळा राग तिकडे जायचा. ज्याच्यावर काढायचा तो शेजारच्या खुर्चीत बसून समुद्र बघत असायचा.

चौथं वर्ष सरत आलं तेव्हा कंपनीचं मोठं निवेदन आलं. कुत्र्याच्या वाढदिवसाचा फोटो, नव्या टोप्या, आणि पार तळाशी दोन ओळी: घरांचा आतला भाग आता आमच्या योजनेत नाही. घरं बाहेरूनच सुंदर दिसतात असं आम्हाला वाटतं. तुमच्या संयमाबद्दल आभार. तळापर्यंत बहुतेकांनी वाचलंच नसेल. दारावरची अक्षरं त्यांनी बदलली नाहीत. बटण दाबलं की अजूनही यायचं, 'आतला भाग लवकरच.' मी त्याला फोन करून तोंडाला येईल ते बोलले, कंपनीबद्दल. तो नेहमीसारखा शांत होता. जरा जास्तच शांत होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

पुढच्याच रविवारी सकाळी ते आमच्याकडे आले. तो, त्याची आई, आणि ज्यांनी हे स्थळ आणलं होतं ते माझ्या आईचे चुलतभाऊ, आमचे मामा. मला वाटलं तारीख घेऊन आलेत. मी त्यांचीच दिवाळीची साडी नेसले. आईने बिस्किटांच्या ताटलीत फरसाण घातलं, मग फरसाण वेगळ्या ताटलीत काढलं.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, जन्मभर कडोदऱ्याला लूमवर होते. लूमच्या खडखडाटाने त्यांचे कान गेलेत. मामा त्यांच्याजवळ सरकून खालच्या आवाजात काहीतरी म्हणाले. असल्या गोष्टी खालच्या आवाजातच सांगायच्या असतात. आप्पांना कळलं नाही.

"काय म्हनी ऱ्हायना?" त्यांनी लूमवरच्या आवाजात विचारलं.

मामा पुन्हा पुटपुटले. आप्पा म्हणाले, "जोरमा बोल ना भो!" मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं, कारण आमच्या घरात आप्पांच्या कानात ओरडून सांगायचं काम माझं. मला मामांचं ऐकू आलं होतं. मी उठले, आप्पांच्या खुर्चीशी वाकले आणि ओरडले, "लगीन नही करनं म्हनतस, आप्पा! मनं वय व्हयी गयं म्हनतस!"

माझं वय झालं म्हणतात. बाहेर नळावर भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला.

आप्पांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. वाटलं, आता हे उठून त्याची गचांडी धरतील. त्यांनी हात जोडले. "आम्ही आखो थांबसूत ना भो," म्हणाले. आम्ही आणखी थांबतो. त्यांच्यावर मी जन्मात इतकी चिडले नव्हते.

मी त्याच्याकडे वळले. "चार वर्षं मला काय सांगत होतास तू?"

तो बिस्किटाच्या ताटलीकडे बघत म्हणाला, "मी तारीख कुठे दिली होती?"

तोच सूर, तेच शब्द. अनोळखी माणसांना रडवणारी मी, आणि मी त्याच्यापुढची फरसाणाची ताटली उचलून नुसती बाजूला ठेवली. तेवढ्यात त्याच्या आईने मामांच्या कानाला लागून काही सांगितलं आणि मामांनी ते अजून खालच्या आवाजात पुढे सरकवलं. आप्पांनी हात जोडलेलेच ठेवून विचारलं, "आते काय म्हने?"

"अंगठी परत मांगतस!" मी ओरडले. अंगठी काढून मी बिस्किटांच्या ताटलीत टाकली. त्याच्या आईने तिला लागलेला चुरा पदराने पुसला आणि ती बटव्यात ठेवली.

त्याच मोसमात त्याचं लग्न झालं. वरचा मजला लागला नाही, बढती लागली नाही. मुलगी नंदुरबारकडची, माझ्याहून बरीच लहान. मामाच पत्रिका द्यायला आले होते. माणुसकी म्हणून, असं म्हणाले. आईने त्यांना चहा दिला, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

खेळ काढून टाकावा म्हणून मी एका सुट्टीच्या दुपारी तो पुन्हा उघडला. बेट आम्हा दोघांच्या नावावर होतं, तसंच होतं. फक्त त्याची बाहुली दारापुढे उभी होती आणि एकसारखी पुढेमागे होत होती. कुणीतरी बटण दाबून दाबून बघत होतं. मला पाहून ती थांबली आणि पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं आली.

'कोण? मी यांची मिसेस. हे बाहेर गेलेत, त्यांच्या नावाने खेळतेय.'

माझी बाहुली बाईची होती, ते पाहून लगेच दुसरी ओळ आली. 'ताई, तुम्ही पण इथे खेळता? घर किती छान आहे ना. हे म्हणाले, घर खेळात तयारच मिळतं.'

मी ते दोनदा वाचलं. छपराचं एकेक लाकूड मी तोडलेलं होतं. बेटावर माझ्या बाहुलीच्या हातात कुऱ्हाड होती आणि घर पाडायची परवानगी मलाही होती. मी काहीच केलं नाही. तिला बोलायचं होतं, ती लिहीत सुटली. सचिनला तिचं कुणी ओळखीचं नव्हतं. गच्चीवर बिबडे घालून तिचे हात भाजले होते. नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहिलं होतं, लग्नानंतर पुरं करू देऊ असं सगळ्यांसमोर ठरलं होतं, ते अजून झालं नव्हतं. 'हे म्हणतात थई जशे.'

आणि मग, 'ताई, दार कधी उघडतं हे?'

मला तिला सांगता आलं असतं. निवेदनाच्या तळाशी जा, शेवटच्या दोन ओळी वाच. एवढं सांगितलं असतं तर कदाचित ती त्याच दिवशी दुसऱ्याही गोष्टीचा जाब विचारायला उठली असती. पोरीने माझं काही वाकडं केलं नव्हतं. फक्त तिला तारीख मिळाली होती.

मी लिहिलं, 'पुढच्या अपडेटला.'

तिने हसरा चेहरा पाठवला. मग तिची बाहुली दारापासून वळली आणि ओट्यावरच्या उजव्या खुर्चीत जाऊन बसली.