साडीवरचा शर्ट

काष्टीच्या मालनबाईंच्या लोखंडी कपाटात साड्यांचे दोन कप्पे आहेत. वरचा नेसायच्या साड्यांचा, खालचा देण्याघेण्याच्या. खालच्या कप्प्यातल्या साड्यांची घडी कधी मोडत नाही. लग्नात, बारशात, वास्तुशांतीत आहेर म्हणून त्या येतात, थोडे दिवस टेकतात आणि पुढच्या कार्याला दुसऱ्या कुणाच्या ओटीत पडतात. प्रत्येक साडीच्या पिशवीत मालनबाई एक चिठ्ठी टाकतात. साडी कुणाकडून आली त्याचं नाव तिच्यावर असतं.

ही चिठ्ठी एका फजितीनंतर सुरू झाली. शेजारच्या सुरेखानं दिलेली मोरपंखी साडी मालनबाईंनी वर्षभरानं सुरेखाच्याच वास्तुशांतीला नेऊन दिली. सुरेखानं पदर पाहिला आणि भरल्या मांडवात हात जोडले. "मालनताई, लई उपकार झाले बया. लेक माहेरपणाला आली माझी!" मांडव हसला, मालनबाईही हसल्या. पण तेव्हापासून चिठ्ठी चुकली नाही.

त्याच कप्प्यात जानेवारीत मालनबाईंच्या मुलीला, निकिताला, स्वतःच्या हातानं शिवलेलं जाकीट सापडलं.

निकिता पुण्यात कपडे शिवण्याच्या तंत्राचा डिप्लोमा करत होती. दिवाळीत घरी येताना तिनं आईसाठी ते जाकीट आणलं होतं. जांभळं कापड, पैठणीचा काठ, आतून अस्तर. काठ जुळवताना तीनदा उसवलेलं. मालनबाईंनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, शिवणीवरून नख फिरवलं आणि म्हणाल्या, "झाक झालंय. शिलाई पक्की हाय." निकिता चार दिवस हवेत होती.

आणि आता ते जाकीट खालच्या कप्प्यात, पिशवीत, चिठ्ठीसकट. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'निकी'.

"मम्मी, हे देण्याघेण्यात ठेवलंस?"

"मंग? नवं हाय, भारी हाय. तुझ्या आत्याच्या सुनंला हुईल." मालनबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "चिठ्ठी टाकलीय की. चुकून तुझं तुलाच परत यायला नको."

निकिताला आधी हसू आलं. मग तिनं चिठ्ठी परत पिशवीत टाकली.

शेवटच्या सहामाहीचा प्रकल्प तेव्हा जवळ आला होता. ओळखीचा एक माणूस निवडायचा, त्याच्या कपड्यांची आवड आजवर कशी बदलत गेली ते शोधायचं आणि त्याच्यासाठी एक कपडा शिवून, एप्रिलच्या पाच तारखेला, टेबलावर आणून ठेवायचा. शिकवणाऱ्या बाईंनी एकच अट घातली होती. "कपाटात जाईल असं शिवू नका. अंगात जाईल असं शिवा." बाकीच्या मुलींनी बहीण निवडली, मैत्रीण निवडली. निकितानं हट्टानं आई निवडली. या वेळचा कपडा खालच्या कप्प्यात गेला, तर आपण तीन वर्षं काय शिकलो, असं तिला वाटत होतं.

त्यासाठी वर्गात एक छापील तक्ता दिला होता. ती तो घेऊन आईपुढं बसली.

"आवडता रंग?"

"जो यील तो."

"मम्मी, नीट सांग ना. तू स्वतः दुकानात जाऊन, पसंत करून घेतलेली पहिली साडी कुठली?"

मालनबाईंचा हात सुपात थांबला. "लग्नाचा बस्ता तुझ्या आज्यानं बांधला. मंग आहेराच्याच येत गेल्या. घ्यायची येळच न्हाई आली गं."

दारात बसून तंबाखू मळणारे गोरक्षराव, निकिताचे पप्पा, म्हणाले, "तक्त्यावर लिही, तिला काय बी चालतंय. मी बी चाललोच की."

"तुमी आहेरातच आल्ता," मालनबाई म्हणाल्या. "चिठ्ठी न्हवती, न्हाईतर परत केला असता."

तक्ता कोराच राहिला.

दुसऱ्या दिवशी निकिता आईमागं लिंबोणीत गेली. लिंबांची तोड चालू होती. लिंबोणीत काम करणाऱ्या सगळ्याच बाया साडीवर पुरुषाचा फुल शर्ट चढवतात. काटे हात फाडतात, ऊन मान भाजतं, म्हणून नवऱ्याचा, भावाचा टाकलेला शर्ट कामाला घ्यायचा, ही तिथली रीत. निकितानं हे जन्मापासून पाहिलं होतं, त्यामुळं कधीच पाहिलं नव्हतं.

फांदी बाजूला करताना तिच्या कुर्त्याची बाही काट्यात अडकली. ओढली असती तर फाटली असती. मालनबाईंनी फांदी उजव्या हातानं दाबली, डाव्या हातानं काटा सोडवला आणि तोच हात छातीवरच्या खिशात घालून देठ कापायची छोटी कात्री काढली. एका झटक्यात काटा मोडून कात्री परत खिशात. निकिताची नजर त्या खिशावर राहिली. तो उजवीकडं होता.

"मम्मी, पप्पांच्या शर्टाला खिसा उजवीकडं कसा?"

"मी लावला. मी डावरी न्हाई का? डाव्या खिशात डावा हात घालायचा म्हंजी हात मुरगाळून घ्यायचा."

"आधीच्या शर्टांना पण असाच होता?"

"आधीच्या दोनतीनला न्हवता. मला तवा कळलंच न्हवतं." आणि अगदी सहज, लिंबू टोपलीत टाकत त्यांनी सांगितलं, "हायत की समदे. मोटारीच्या खोलीत, गोणीत."

विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत खताची एक रिकामी गोणी खुंटीला टांगलेली होती. तिच्यातून आठ शर्ट निघाले. धुतलेले, घडी केलेले. निकितानं ते बाजेवर ओळीनं मांडले. दुपारची सुट्टी झाली, बाया जेवायला बसल्या, तरी ती वाकून पाहतच होती.

पहिला आकाशी टेरिकॉटचा, गोरक्षरावांच्या लग्नातला. त्यात काहीही बदललेलं नव्हतं. बाह्यांच्या चिंध्या झालेल्या, काखेत घामाच्या पांढऱ्या रेघा. "ह्यात निसता घाम शिजायचा," मालनबाई भाकरी मोडता मोडता म्हणाल्या.

दुसरा खाकी, सहादेवमामांचा, साखर कारखान्यात मिळालेला. कापड इतकं जाड की काटा आत येत नव्हता. पण मागच्या बाजूला दोन्ही खांद्यांच्या मधोमध खाकी कापून काढलेलं होतं आणि तिथं जुन्या वायलच्या साडीचा पातळ पट्टा बसवला होता. वारा खेळायला. निकिताला वर्गातले तीन तास आठवले. पाठीला हवा कशी खेळवायची, यावर सरांनी फळा भरून आकृत्या काढल्या होत्या. इथं ती आकृती पंचवीस वर्षांपूर्वीच शिवून ठेवलेली होती.

तिसरा पिवळा. तो जवळजवळ कोरा होता.

"हा का नाही घातला?"

"घातला की चार दिस. बारकी चिलटं येऊन बसायची अंगावर. दुसऱ्या कुठल्या रंगावर न्हाई बसत. मंग सोडला."

निकितानं मान वळवून बागेकडं पाहिलं. किडे धरायला झाडाझाडाला चिकट कागद टांगलेले होते. सगळे पिवळे. शेतकी खात्याची माणसं ते घेऊन आली, त्याच्या कितीतरी आधी आईला हे ठाऊक होतं. तिनं कुणाला सांगितलं नाही, नुसता शर्ट बदलला.

चौथ्यापासून खिसा उजवीकडं आला होता. पाचव्याच्या कोपराला जीन्सचं ठिगळ होतं. सहाव्यात ते ठिगळ दोन बोटं खाली सरकलं होतं, सातव्यात आणखी दोन बोटं. निकितानं स्वतःचा हात फांदीत घालावा तसा पुढं केला, तेव्हा तिला कळलं. काटा कोपराला लागत नाही, त्याच्याखाली मनगटाकडं लागतो. एवढं नेमकं ठिकाण सापडायला आईला तीन शर्ट लागले होते, म्हणजे आठनऊ वर्षं. सातव्याच्या मनगटाला अंगठ्यात अडकवायचा इलॅस्टिकचा फासाही होता, हात वर केला तरी बाही खाली न घसरण्यासाठी.

हे सगळं कामाचं झालं. पण सहाव्यापासून आणखी काहीतरी सुरू झालं होतं. शर्ट आता बारीक चौकटीचेच होते. मूळची बटणं काढून त्यांच्या जागी पारदर्शक हिरवी बटणं लावलेली होती. आणि बाहीची मनगटपट्टी उलटली तर आतून खणाचा तुकडा निघत होता. एकात गर्द लाल, एकात अंजिरी, आठव्यात काळ्या काठाचा हिरवा.

"मोठी चौकट का नको?"

"अंगावर खिडकी लावल्यावानी दिसती."

सुरेखा लोणच्याची फोड चघळत म्हणाली, "निके, तुझी आई लई नखऱ्याची हाय. मागं मी माझ्या मालकाचा शर्ट देत हुते, तर म्हणती कशी, कॉलरची टोकं लांब हायत, मला न्हाई शोभत. लिंबं तोडायला!"

"मंग शोभत न्हवतंच," मालनबाई म्हणाल्या.

निकितानं मनगटपट्टी बोटांत धरली होती. "आणि हा खण? हा तर आतून आहे. कुणाला दिसतो?"

मालनबाईंना प्रश्नच कळला नाही. "मला दिसतोय की. बाही वर केली की."

तक्ता तिच्या पिशवीतच होता. आवडता रंग, आवडती नक्षी, कापडाचा पोत. सगळ्या रकान्यांची उत्तरं बाजेवर पसरलेली होती. ती आईला साड्यांबद्दल विचारत होती, आणि साड्या तर सगळ्या दुसऱ्यांच्या पसंतीच्या होत्या. आईची पसंती या खताच्या गोणीत होती. बाजेवरच्या त्या आठ शर्टांना हात लावताना तिची बोटं एकदम हलकी झाली.

पुण्याला जाऊन तिनं शर्ट शिवायला घेतला. बारीक चौकटीचं सुती कापड शोधायला तिला तीन दिवस लागले. मापं आठव्या शर्टावरून घेतली. खिसा उजवीकडं आणि कात्रीच्या टोकासाठी तळाशी दुहेरी. पाठीला वारा खेळेल असा पट्टा. ठिगळाऐवजी बाहीतच दुहेरी कापड, सातव्या शर्टाच्या नेमक्या जागेवर. हिरवी बटणं. मनगटपट्टीत अंजिरी खण. स्वतःची अशी तिनं एकच गोष्ट घातली, कॉलर. आईच्या सगळ्या शर्टांच्या कॉलरी लोळागोळा झालेल्या होत्या, वापरून वापरून मऊ पडल्या असाव्यात. निकितानं आत कडक अस्तर चिकटवून अशी ताठ कॉलर बसवली की वर्गातल्या मुली बोट लावून पाहून गेल्या.

चार तारखेला सकाळच्या एसटीनं ती घरी आली. आईच्या अंगावर एकदा पाहायचं, मुक्काम करून पाच तारखेला पहाटे निघायचं आणि शर्ट टेबलावर नेऊन ठेवायचा, असा बेत होता.

मालनबाईंनी शर्ट हातात घेतला. उलटा केला. शिवणीवरून नख फिरवलं. दिवाळीतही अगदी असंच झालं होतं.

"झाक झालाय," मालनबाई म्हणाल्या.

निकिताची नजर आपोआप कपाटाकडं गेली.

मालनबाईंनी साडीवरच शर्ट चढवला. बटणं लावली, डावा हात खिशात घालून बघितला, दोन्ही हात वर केले, खाली केले. बाही उलटून अंजिरी खण पाहिला आणि त्यावरून अंगठा फिरवला. मग मान इकडं वळवली, तिकडं वळवली, कपाळाला आठी पडली, आणि त्यांनी शर्ट काढला.

"ह्यात पुठ्ठा घातला का गं?"

"कॉलरला? अस्तर आहे ते. ताठ राहायला."

"घाम आला की मान कापती ह्यानं." बोलता बोलता त्यांनी कात्री काढली आणि कॉलरच्या कडेला टोक घातलं.

"मम्मी! उद्या द्यायचाय तो!"

पण टोक आत गेलं होतं. मालनबाई उंबऱ्यात उजेडाला बसल्या आणि एकेक टाका उचलत कॉलर उसवू लागल्या. "समद्या शर्टाचा पुठ्ठा मी आधी काढून टाकती. तू बघितलं न्हाईस व्हय?"

निकितानं बघितलं नव्हतं. आठही कॉलरी तिनं हातात धरल्या होत्या, बाहेरून मोजल्या होत्या, आणि मऊपणाचं कारण जुनेपणावर ढकललं होतं. एकही उलटून पाहिली नव्हती. रडावं की काय करावं, ते तिला कळेना. वर्गात सगळ्यांनी नावाजलेली एकच गोष्ट आई तिच्यासमोर सोलून काढत होती. पण बघता बघता तिला दुसरंच काही दिसलं. जाकिटाला आईनं कात्री लावली नव्हती. खालच्या कप्प्यातल्या एकाही साडीला कधी लावली नव्हती. आई कात्री लावायची ती फक्त स्वतःच्या कपड्यांना.

ती आईसमोर जाऊन बसली आणि कॉलरचं दुसरं टोक ताणून धरलं. "इथून ओढ, हे चिकटवलंय. हळू सुटेल."

दोघींनी मिळून पुठ्ठा सोलून काढला. मालनबाईंनी सुईत हिरवा दोरा ओवला, कॉलर परत शिवली, शर्ट चढवला आणि मान फिरवली. या वेळी आठी पडली नाही.

"उद्या पहाटे मला लागेल हा," निकिता म्हणाली. "टेबलावर ठेवायचाय. आठ दिवसांनी परत आणते."

मालनबाई बटणं काढेचनात. "उद्या तोड हाय."

"जुना घाल ना एक दिवस."

"जुना कशाला?" मालनबाई बागेकडं निघाल्यासुद्धा होत्या. "हा हाय की."

गोरक्षरावांनी तंबाखूची पिंक टाकली. "न्हाई मिळत आता. माझे एवढे शर्ट गेले, एक परत आला न्हाई."

पाच तारखेला पहाटे निकिता पुण्याच्या गाडीत बसली, तेव्हा तिच्या मांडीवर खताची गोणी होती. तिच्यात आठ शर्ट होते, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला सोललेल्या कॉलरीचा पुठ्ठा. उजाडल्यावर तिनं बाईंना फोन लावला.

"मॅडम, प्रकल्प घेऊन येतेय, पण शर्ट नाहीये."

"म्हणजे? शिवला नाहीस?"

"शिवला मॅडम. पण तो आणता येणार नाही. तो अंगात आहे."