परत आलेलं पार्सल

इराणमध्ये लढाई चालू होती त्या वर्षांत मी नागपूरच्या एका पोस्टात पार्सलच्या खिडकीवर होते. दर शनिवारी एक इराणी डॉक्टर पांढऱ्या कापडात शिवलेलं पार्सल घेऊन यायचे. देशाबाहेर राहणाऱ्या इराणी डॉक्टरांची एक संघटना होती. मायदेशातल्या सहकाऱ्यांपर्यंत वैद्यकाची नवी पुस्तकं पोचत नव्हती, म्हणून सभासद ती जमवून पाठवत. नागपुरातलं काम या डॉक्टरांकडे होतं. पार्सल माझ्या हाती देण्याआधी ते त्यावर तळहात ठेवून जरा थांबायचे. मराठी ते इथल्या पेशंटांकडून शिकले होते.

एकदा एक पार्सल परत आलं. त्यावरचा फारसी शेरा त्यांनी वाचला आणि ते बाकावर बसले.

"काहून परत आलं, डॉक्टरसाहेब?"

"ज्याले पाठवलं तो गेला, बाई. घरावर बॉम्ब पडला. आम्ही एकाच वर्गात होतो."

मी पाणी दिलं. ते प्यायले नाहीत. त्यांनी माझं पेन मागितलं, मित्राचं नाव खोडलं आणि दवाखान्याचा पत्ता तसाच ठेवला.

"आता कोणाच्या नावानं?" मी विचारलं.

"नाव मले माहीत नाही. पण त्याच्या पेशंटले कोणी तरी पाहूनच राहिलं असन ना."

नावाशिवाय पार्सल घ्यायचं नाही असा नियम होता. मी ते घेतलं. पुढे कित्येक महिने परत आलेल्या टपालात मी ते धास्तीनं शोधायची. ते कधीच आलं नाही.