माझ्या ज्वारीवरची दया

निजामाच्या अमदानीत सिरसाळ्याचा एक आडत्या रोज सकाळी पिंजरा घेऊन माझ्या बांधावर यायचा. उकिडवा बसून गोदामात धरलेला उंदीर माझ्या ज्वारीत सोडायचा आणि वर त्याला हात जोडायचा. मी दगड उचलला की हळू आवाजात म्हणायचा, “जीव हाय त्यो. मारायचा कावून?”

त्याची दया माझ्या कणसांवर पोसली जात होती. शेवटी माझं डोकं फिरलं. मीही पिंजरा लावला, शेतातला एक उंदीर धरला आणि तो पिंजरा आडत्याच्या गोदामाच्या दारात नेऊन आपटला. “घ्या तुमचा जीव.”

त्यानं वाकून नीट पाहिलं. “ह्यो आमचा न्हाई,” म्हणाला आणि दार ओढून घेतलं. मग आतून त्याच हळू आवाजात म्हणाला, “पर मारू नका बरं त्याला.”