ओल्या हातांचे आकडे

एवढी निर्दय बाई मी जन्मात दुसरी पाहिली नाही. माझा चार वर्षांचा भाऊ दत्तू ओसरीवर निपचित पडला होता, डोळे खोल गेलेले, ओठ निळे, आणि आमच्या बिगरीच्या बाई त्याच्या उशाशी बसून त्याच्यावर ओरडत होत्या, "तीन झाले. पुढे? तोंड उघड. पुढे काय?" गावात पटकी शिरली होती. आमच्याच आळीतून चार दिवसांत तीन तिरड्या गेल्या होत्या. दत्तूला सकाळपासून उलट्या आणि जुलाब लागले होते. आई म्हणाली, "बाई, पोर मरतंय ओ माझं. आता तरी शाळा नको." बाईंनी मान वर केली नाही. "रडायचं असेल तर परसात जा. नाहीतर पेज आण. चांगली उकळ, मीठ घाल." दत्तू पुटपुटला, "चार." तोंड उघडलं तसा बाईंनी चमचा आत घातला. एका आकड्याला एक चमचा, असं चाललं होतं.

आमचं गाव कशेळ्याच्या अलीकडे. बाई गावच्या नव्हत्या. नवरा भिवपुरीच्या वीजघरात कामाला होता, तो वारल्यावर एक ट्रंक आणि पाणी उकळायचं भलंमोठं पातेलं घेऊन त्या आमच्याकडे आल्या. पाटलांनी खळ्याजवळची पडवी दिली आणि तिथे बिगरी सुरू झाली. शिकायला म्हणून कुणी पोरं पाठवली नाहीत. आयांना शेतावर जायचं असे, पोरं पायांत येत, म्हणून आणून सोडत. आम्ही अकरा जण होतो. मी सहा वर्षांची, दत्तू सगळ्यांत लहान.

पडवीत पाटी नव्हती, पेन्सिल नव्हती. दारात पाण्याची घागर आणि राखेचं टोपलं होतं. खाण्याआधी आणि परसाकडून आल्यावर राख घेऊन हात चोळायचे, एकपासून वीसपर्यंत मोठ्याने म्हणत. अठरालाच हात धुतले तर परत एकपासून. आमचं गणित एवढंच. पिण्याचं पाणी उकळलेलं, आणि ते ओगराळ्यानेच घ्यायचं. एकदा एका पोराने मडक्यात हात घातला, तर बाईंनी मडकं अंगणात पालथं केलं, स्वतः विहिरीवरून पाणी आणलं, उकळलं, आणि ते निवेपर्यंत आम्ही अकरा जण जिभा बाहेर काढून बसलो. बाईही तहानेल्याच बसल्या. पाटलांच्या मुलीच्या लग्नात तर त्यांनी पंगत बसल्यावर नवऱ्या मुलाच्या बापाला उठवलं. "नखं बघा तुमची," म्हणाल्या. व्याही रुसले, पाटील हातापाया पडले, बाई शांतपणे आपल्या तांब्यातलं घरचं पाणी पीत बसल्या.

एकदा शाळा तपासणारे दिपोटी साहेब आले. मला उभं केलं आणि म्हणाले, "बाळ, वीसपर्यंत म्हण." माझ्या तोंडून शब्द फुटेना. साहेब म्हणाले, "हिला काही येत नाही." बाई म्हणाल्या, "हात कोरडे आहेत तिचे." मला दारात नेलं, हातावर राख टाकली, पाणी ओतलं. मी धडाधड वीसपर्यंत गेले. साहेब पोट धरून हसले. बाई हसल्या नाहीत. साहेबांसाठी पोहे आले होते, ते त्यांनी तसेच झाकून ठेवले आणि टोपल्याकडे बोट केलं, "तुमचेही राहिलेत." साहेबांनी निमूट हात चोळले. पंधरालाच उठायला लागले, तर आम्ही सगळी पोरं ओरडलो.

वैशाखात विहिरीचा तळ लागला आणि पटकी आली. घराघरांत माणसं पडू लागली, पडवीतलं पोर मात्र एकही पडेना. गावाने याचा अर्थ लावला, की बाईंच्या आकड्यांत काहीतरी आहे. मग म्हातारेकोतारे पडवीपुढे बसून पोरांकडून आकडे पाठ करायला लागले. चालताना आकडे, गुरं सोडताना आकडे. हात कुणी धुईना. बाई दारोदार ओरडत फिरल्या, "अहो, राख! पाणी! आकड्यांत काही नाही!" लोक म्हणत, "आपला मंत्र कोण कशाला सांगंल?"

आमची आजी यात पहिली. शेजारणीला पटकी झाली, तिची लुगडी आजीने ओढ्यावर धुतली, आणि येऊन तशीच भाकरी कुस्करायला बसली. मी म्हटलं, "आजी, हात." ती म्हणाली, "गप गं. वाटेनं दोनदा म्हणून आलीय मी, वीस परयंत. एक आकडा चुकली नाय." दत्तूला तिने आपल्या हाताने भरवलं. लाडका होता तिचा. मी रुसून जेवले नाही. दुसऱ्या दिवशी दोघंही आडवी झाली.

बाई दिवसभर दोघांच्या मध्ये बसल्या. आजीने पेज घेतली नाही. पटकीत पोटात पाणी गेलं की माणूस जातं, असं तिला लहानपणापासून ठाऊक. "आजी, एकपासून म्हणा, तोंड उघडा," बाई म्हणाल्या. आजी दात आवळून मनातल्या मनात म्हणत राहिली. दत्तूला मात्र कुणी पुढचा आकडा विचारला की म्हणायची सवय. तो म्हणायचा, ओकायचा, बाई परत एकपासून सुरू करायच्या. किती वेळा वीस झाले ते मला ठाऊक नाही. ऊन उतरताना त्याला सकाळपासून अडलेली लघवी झाली, म्हणजे अंगात पाणी ठरलं. तेव्हा बाई भिंतीला टेकल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज बसलेला ऐकला. मला म्हणाल्या, "झालं गं. जा, जेव काहीतरी."

पुढे सरकारी शाळा निघाली, तिथे शिकलेले मास्तर आले. बाई ट्रंक आणि पातेलं घेऊन खालापूरकडे कुठेशा गेल्या. पत्ता कुणी विचारला नाही. त्यांना स्वतःची पोरं होती का, होऊन गेली होती का, तेही कुणी विचारलं नाही. मी चौथीपर्यंत शिकले, त्यातलं बरंचसं विसरले. पोटाच्या दुखण्याने आमच्या अकरांतलं कुणी त्यानंतर कधी अंथरूण धरलं नाही, एवढं मला माहीत आहे. बाईंचं नाव मात्र मला सांगता येणार नाही. आम्ही बाईच म्हणायचो.

आजी त्याच संध्याकाळी गेली. दत्तू जगला.